रिपोर्टातला एकटा आकडा

विचारा डॉक्टरांना

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा संपादकांनी पाठवला, त्यावर चिठ्ठी होती : ‘निम्मी पत्रं हार्मोन्सची आहेत, एकदाच काय ते उरका.’ उरकण्यासारखा विषय नाही हा. पण पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ प्रत्येकाने सोबत रिपोर्टाचा फोटो जोडलाय, एका आकड्याभोवती पेनाने गोल केलाय आणि विचारलंय, ‘हे वाढलंय, आता काय?’ रक्त किती वाजता दिलं, त्या आधी काय खाल्लं, कोणती गोळी चालू होती, यातलं काहीही नाही. मिरजेच्या माझ्या दवाखान्यातही रोज कोणीतरी खुर्चीवर बसता बसता म्हणतं, “डॉक्टर, एकदा सगळे हार्मोन्स बघून टाका.” सगळे बघायचे तर पन्नासच्या वर आहेत आणि त्यातला एकही एकट्याने काही सांगत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवणारं दुसरं हार्मोन काय म्हणतंय आणि घड्याळात किती वाजलेत, हे शेजारी मांडल्यावरच त्याला अर्थ येतो. यावेळची पत्रं मी तेवढ्यासाठीच निवडली आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका, वय ४१. थकवा येतो, केस गळतात म्हणून तपासणी केली. टीएसएच ७.८ आला, टी-फोर नॉर्मल. डॉक्टरांनी ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली. दहा दिवसांनी मनानेच पुन्हा तपासलं तर ७.१. गोळी लागू पडत नाही का? सकाळची शाळा असल्याने गोळी चहाबरोबर घेते. नाश्त्यानंतर कॅल्शियमची आणि केसांसाठी बायोटिनची गोळी असते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव सुरू केलं आहे. आता ही गोळी जन्मभर का? — एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, पहिल्यांदा टीएसएचचं बघू, कारण ते थायरॉइडचं हार्मोन आहे असा नव्वद टक्के लोकांचा समज असतो. थायरॉइड गळ्यात आहे. टीएसएच तयार होतं मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथीत. ऊसतोडीची टोळी आणि तिचा मुकादम डोळ्यांसमोर आणा. टोळी नीट चालली असेल तर मुकादम बांधावर गप्प बसतो. हात मंदावले की त्याचा आवाज चढतो. तुमचा टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज, आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडने तयार केलेलं थायरॉक्सिन, हा दिवसाकाठी तोडलेला ऊस. तुमच्या रिपोर्टात आवाज चढलाय, पण ऊस पुरेसा पडतोय. थायरॉइड कुरकुरतेय आणि तरीही काम उरकतेय, अशी ही अवस्था. पिट्यूटरीला टी-फोरमधली इतकी बारीक घट कळते की टी-फोर नॉर्मलच्या हद्दीत असतानाच टीएसएच वर जातो. उलट टीएसएच खाली आणि टी-फोर वर असता, तर थायरॉइड जोरात चाललीय असा त्याचा अर्थ झाला असता. म्हणून हे दोन आकडे जोडीनेच वाचायचे.

टीएसएच दहाच्या आत आणि टी-फोर व्यवस्थित असेल, तर प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की कित्येकांचा आकडा आपोआप खाली आलेला दिसतो. थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीज असतील तर मात्र पुढे ग्रंथी थकण्याची शक्यता वाढते. आपल्याच शरीराने थायरॉइडवर चाल करून जाण्याच्या या आजाराचं पहिलं वर्णन हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जनने १९१२ साली केलं आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो. ही अँटिबॉडीची तपासणी एकदाच करायची असते. ‘अँटिबॉडी किती वाढल्या’ म्हणून दर सहा महिन्यांनी पैसे घालवू नका. जन्मभर का, याचं उत्तर या दोन तपासण्यांनंतर तुमचे डॉक्टर देतील. बाळाचा विचार असेल तर मात्र हा सगळा हिशोब बदलतो. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाच्या मेंदूला आईचंच थायरॉक्सिन मिळत असतं, तिथे थांबून बघायचं नसतं.

आता दहा दिवसांच्या रिपोर्टाबद्दल. तुमच्या गोळीतलं थायरॉक्सिन फार संथ हार्मोन आहे. रक्तात गेलेलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. त्याआधी केलेला टीएसएच कोणालाच काही सांगत नाही. मात्रेचाही अंदाज घ्या. निरोगी थायरॉइड दिवसाला जेमतेम ८० ते १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन तयार करते. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचं जन्मभराचं थायरॉक्सिन एकत्र केलं तरी तीन ग्रॅमच्या आत भरेल. इतक्या थोडक्या मात्रेत २५ चा फरकसुद्धा मोठा असतो, त्यामुळे शेजारीण म्हणते म्हणून डोस वाढवायचा नाही.

गोळी चहाबरोबर घेतल्याने तिचा काही भाग वायाच जातो. उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, त्या चार तास लांब ठेवा. रात्रीच्या जेवणानंतर घेतल्या तर सर्वांत बरं. आणि ते बायोटिन! शरीराला हे जीवनसत्त्व दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. काही प्रयोगशाळांच्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. तिथे तुमच्या रक्तातल्या बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त येतो. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा. खरं तर कायमचंच बंद केलंत तरी केसांचं काही बिघडणार नाही. त्याऐवजी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि बी-बारा बघा. सकाळी साडेसहाला घराबाहेर पडणाऱ्या बाईचा थकवा थायरॉइडच्या माथी मारण्याआधी हे तीन तपासायलाच हवेत.

सैंधव उपासापुरतं ठेवा. आयोडीन हा थायरॉक्सिनचा कच्चा माल आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींच्या चमूने काही भागांत आयोडीनयुक्त आणि काही भागांत साधं मीठ पुरवून पाहिलं. आयोडीन मिळालेल्या गावांतले गलगंड ओसरले. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्यातूनच आला. कोणाच्या तरी सांगण्यावरून हे मीठ टाकून द्यावं, याचा मला मनापासून राग येतो. थायरॉइडला वाईट म्हणून कोबी-फ्लॉवर टाळत असाल, तर तेही शिजवून खुशाल खा.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, शेती करतात. गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाकडून दोन वर्षं पुड्या घेत होते. फार गुण होता. अलीकडे चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातापायांच्या काड्या झाल्या, कातडीवर जरा लागलं की काळंनिळं होतं, साखरही निघाली. मी रागावून पुड्या बंद केल्या. आठ दिवसांपासून त्यांना उभं राहिलं की चक्कर येते, अन्न जात नाही, काल दोनदा उलटी झाली. गावातल्या लॅबमध्ये कॉर्टिसॉल तपासलं तर कमी आलं. जास्त असायला हवं होतं ना? — एक वाचक, जत तालुका

उत्तर : या पत्राचं उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. संपादकांकडून नंबर घेऊन मुलाशी बोलले, वडिलांना त्याच दुपारी दवाखान्यात दाखल केलं, सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शनं मिळाली. आता ते घरी आहेत. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी, कारण अशा पुड्या घेणारे घरोघरी आहेत.

मुलाने विचारलेला प्रश्न एखाद्या एमडीच्या परीक्षेत शोभावा असा आहे. चेहऱ्यावर सगळ्या खुणा जास्त कॉर्टिसॉलच्या, आणि रक्तात कॉर्टिसॉल कमी. दोन्ही खरं. त्या पुडीत बहुधा स्टिरॉइड होतं, म्हणजे कॉर्टिसॉलचाच प्रयोगशाळेत बनवलेला कितीतरी पट जोरकस भाऊबंद. कॉर्टिसॉलच्या तपासणीला डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही स्टिरॉइड्स दिसतच नाहीत. शरीराला मात्र ते दिसतात. पिट्यूटरीला वाटतं, माल भरपूर आहे, मग ती कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रीनल ग्रंथींना पाठवायचा निरोप बंद करते. या ग्रंथी दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या असतात. निरोप नाही म्हणून त्या काम सोडतात, आणि महिनोन्‌महिने काम नसलं की आक्रसतात. अशात एक दिवस पुडी बंद होते. बाहेरचा पुरवठा संपला, घरचा सुरू व्हायला अजून कित्येक महिने आहेत. मधल्या काळात रक्तदाब आणि साखर सांभाळायला कोणीच नाही. चक्कर, उलट्या, गळून जाणं हे त्याचंच. साधा ताप किंवा जुलाब झाले तरी अशा माणसाचा जीव जाऊ शकतो.

मुलाचा राग रास्त होता, फक्त बंद करण्याची पद्धत धोक्याची होती. दोन-तीन आठवड्यांहून जास्त स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर ते पायरीपायरीने उतरवावं लागतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मधूनमधून सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल बघतात. सकाळचंच का? कारण कॉर्टिसॉल पहाटे चढत जातं, उठण्याच्या सुमारास सर्वांत वर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. सकाळी आठला काळजी वाटावी असा आकडा रात्री अकराला अगदी नॉर्मल असतो. जतच्या लॅबच्या कागदावर वेळच लिहिलेली नव्हती!

यावरून स्टिरॉइडला शिव्या देऊ नका. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधे आखडून अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल त्यांना केंडॉल आणि राइशस्टाइन यांच्यासह मिळालं. केंडॉल म्हणजे १९१४ च्या नाताळात थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे करणारा तोच माणूस. दमा, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही आजार यांत आम्ही रोज स्टिरॉइड लिहितो. तक्रार आहे ती नाव नसलेल्या पुडीबद्दल, डब्यातल्या चूर्णाबद्दल, आणि गोरं करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूबांबद्दलही. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेलं असेल तर ती चेहऱ्याला लावण्याची वस्तू नव्हे. आणि जे औषध ‘दोन दिवसांत सांधे मोकळे’ करतं, भूक वाढवतं आणि ज्याचं नाव विचारलं की विकणारा हसतो, ते काय असेल हे तुम्हीच ओळखा.

प्रश्न : मुलगी साडेनऊ वर्षांची. छातीत गाठीसारखं जाणवतं म्हणाली. सासूबाई म्हणतात, तबेल्याचं दूध बंद करा, म्हशींना पान्हा सोडण्यासाठी इंजेक्शन देतात, त्या हार्मोनमुळे मुली लवकर मोठ्या होतात. चिकनही बंद केलंय. खरं आहे का हे? — एक आई, चिंचवड

उत्तर : आधी मुलीचं. आठ वर्षं पूर्ण होण्याआधी स्तनांची वाढ सुरू झाली तर आम्ही त्याला लवकर म्हणतो आणि तपासण्या करतो. साडेनऊ हे अगदी नेहमीचं वय आहे. बऱ्याचदा एका बाजूला आधी गाठ येते, दुखतेही. घाबरून सोनोग्राफी करत बसू नका. इथून पाळी यायला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात. तिला आत्ताच जवळ बसवून सांगा. शाळेच्या बाथरूममध्ये तिला हे एकटीला कळायला नको.

आता सासूबाईंचं म्हणणं. इंजेक्शन देतात ही गोष्ट त्यांनी हवेतून आणलेली नाही. रेडकू मेलेलं असलं किंवा गवळी बदलला की म्हैस पान्हा चोरते, आणि मग काही तबेल्यांत ऑक्सिटोसिन टोचतात. दूध वाढवण्यासाठी जनावराला इंजेक्शन देणं हा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण ऑक्सिटोसिनने मुली वयात येत नाहीत, तीन कारणांनी. ते हार्मोनच निराळं. त्याचं काम गर्भाशय आवळणं आणि सडापर्यंत दूध ढकलणं, बीजांडकोशाशी त्याचं देणंघेणं नाही. दुसरं, रक्तात ते काही मिनिटंच टिकतं. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, आणि अशा साखळ्या आपलं पोट डाळीतल्या प्रथिनासारख्याच पचवून टाकतं. इन्शुलिन ५१ अमिनो आम्लांचं. ते गोळीने घेता येत नाही, टोचावं लागतं, तेही याचसाठी.

सगळीच हार्मोन्स अशी पचून जात नाहीत, हेही सांगायला हवं. कोलेस्टेरॉलपासून बनलेली, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉलच्या जातीची औषधं पोटातून रक्तात जातात. गर्भनिरोधक गोळी चालते ती त्यामुळेच, आणि जतच्या काकांना पुडीने जे झालं तेही त्यामुळेच. थायरॉक्सिनही तोंडाने घेता येतं. म्हणून ‘अन्नात हार्मोन आहे’ असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा : कोणतं?

ऑक्सिटोसिनवरून आपल्याकडे मोठं प्रकरण झालं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते बनवायला मनाई केली. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं औषधही हेच, त्याचा तुटवडा म्हणजे बायकांचे जीव. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती मनाई रद्द ठरवली आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तुम्ही तबेला बदलायचा तर म्हशीसाठी बदला. मुलीचं दूध तोडू नका, याच वर्षांत तिची हाडं भरायची आहेत. चिकनचंही तेच. ब्रॉयलर सहा आठवड्यांत वाढतो तो निवडक पैदास आणि खाद्य यांच्यामुळे. हजारो कोंबड्यांना रोज एकेक करून टोचत बसणं कोणाला परवडेल?

मग वयात येणं सुरू कशाने होतं? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून एक हार्मोन तासा-दीड तासाला एकेक झटका देत पिट्यूटरीला उठवतं. बालपणभर ते जवळजवळ निजलेलं असतं. यातली गंमत अर्न्स्ट नोबिल यांनी १९७८ साली माकडांवर दाखवली. हेच हार्मोन तासातासाने दिलं तर पिट्यूटरी काम करते, आणि अखंड धार लावली तर गप्प होते. सहा-सात वर्षांच्या ज्या मुलींना खरोखरच उपचार लागतात, त्यांना याच हार्मोनची दीर्घकाळ टिकणारी नक्कल टोचतात. धार अखंड राहते आणि पुढचं सगळं थांबतं. चरबीतून येणाऱ्या लेप्टिनचाही यात हात आहे, त्यामुळे जाड मुली थोड्या लवकर वयात येतात. तबेल्यापेक्षा घरातल्या बिस्किटांच्या डब्याकडे लक्ष दिलंत तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : नातू १४ वर्षांचा, उंची १४८. वर्गात सगळ्यांत बुटका. टीव्हीवर दाखवतात ती पावडर द्यावी की ग्रोथ हार्मोन? — एक आजोबा, ठाणे

उत्तर : पावडर नको, ती साखर आणि प्रथिनं आहेत. ग्रोथ हार्मोनचं एवढ्यात बोलू नका. आई-बाबांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करा, त्यात १३ मिळवा, दोनाने भागा. मुलाची अपेक्षित उंची साधारण त्याच्या आसपास असते. मग शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या जुन्या उंच्या काढून वर्षाला किती वाढला ते बघा. चार सेंटिमीटरहून कमी असेल, किंवा चौदाव्या वर्षीही वयात येण्याची एकही खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ते डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतील. बऱ्याचदा हाडं दोन वर्षं मागे असतात आणि मुलगा अकरावी-बारावीत एकदम ताडमाड होतो. त्याच्या बाबांना विचारा, ते कधी उंच झाले.

प्रश्न : आम्हाला पिट्यूटरी ही ‘मास्टर ग्लँड’ म्हणून शिकवतात. सगळ्या ग्रंथी खरंच तिचं ऐकतात का? आणि पहिलं हार्मोन कोणी शोधलं? — बारावी विज्ञान, नांदेड

उत्तर : शाब्बास, परीक्षेत ‘मास्टर’ लिही आणि मार्क घे. खरं म्हणशील तर तिच्या डोक्यावर हायपोथॅलॅमस बसलेला आहे. शिवाय काही ग्रंथी तिला विचारतही नाहीत. स्वादुपिंड थेट रक्तातली साखर बघतं. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी थेट कॅल्शियम बघतात. या पॅराथायरॉइड पहिल्यांदा कोणात दिसल्या माहीत आहे? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात! १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांनी तो फाडून पाहिला आणि पिवळसर गोळीची नोंद केली. माणसात त्या शोधल्या उप्सालाच्या ईव्हार सांडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने, १८८० मध्ये. तुझ्याहून काही फार मोठा नव्हता तो.

पहिल्या हार्मोनचा दिवस मात्र नक्की सांगता येतो : १६ जानेवारी १९०२, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. तोवर रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हमुळे सगळ्यांचा समज असा की जठरातलं आम्ल लहान आतड्यात आलं की चेतातंतूंमार्फत स्वादुपिंडाला निरोप जातो. बेलिस आणि स्टार्लिंग या मेहुण्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे चेतातंतू तोडले आणि त्यात आम्ल घातलं. तरी स्वादुपिंड पाझरलं! मग निरोप रक्तातूनच जात असणार. स्टार्लिंगने आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि ते पाणी कुत्र्याच्या शिरेत सोडलं. स्वादुपिंड पुन्हा पाझरलं. त्या द्रव्याला त्यांनी सेक्रेटिन नाव दिलं, आणि हार्मोन हा शब्द स्टार्लिंगने १९०५ च्या व्याख्यानांत वापरला. त्यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांवरून पुढे लंडनमध्ये खटला चालला, पुतळा उभा राहिला, दंगेही झाले. वाचण्यासारखं प्रकरण आहे, पण परीक्षा झाल्यावर.

प्रश्न : वय ४९, पाळी सात महिन्यांपूर्वी गेली. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते. मिस्टर म्हणतात, मनाचे खेळ. इस्ट्रोजेन तपासून त्यांच्यासमोर ठेवू का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा, तपासणीचे पैसे वाचतील. या वयात इस्ट्रोजेन आज वर तर उद्या खाली असतं. एका दिवसाच्या आकड्याने काही सिद्ध होत नाही. निदान वयावरून आणि पाळीवरूनच होतं. वाफा मेंदूतून येतात हे खरं, पण मनातून नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात, आणि शरीराचं तापमान थोडंसं वाढलं तरी मेंदू ‘फार उकडतंय’ म्हणून घाम काढतो. नेमक्या त्या पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

इस्ट्रोजेनच्या गोळ्यांना, मलमाला किंवा पट्टीला घाबरून नाही म्हणू नका. २००२ मध्ये या गोळ्यांचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास धोके दिसले म्हणून मध्येच थांबवला गेला आणि जगभर भीती पसरली. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या नसतील, तर त्रास होणाऱ्या बाईला फायदा सहसा जास्त असतो. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. आणि एक लक्षात ठेवा : पूर्ण बारा महिने पाळी आली नाही आणि त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात तपासून घ्या.

प्रश्न : वय ३४, वाळूजला कारखान्यात नाइट शिफ्ट. ‘मेन्स हेल्थ पॅकेज’ घेतलं, टेस्टोस्टेरॉन कमी आलं. रक्त दुपारी चार वाजता दिलं होतं. वजन ९४. जिमचे सर म्हणतात, इंजेक्शनचा कोर्स करू. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल होत नाही. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, टेस्टोस्टेरॉन झोपेत चढतं आणि सकाळी सर्वांत जास्त असतं. नाइट शिफ्ट करून, धड न झोपता दुपारी चारला दिलेल्या रक्तातून तुमच्या झोपेशिवाय कशाचंच निदान होणार नाही. दिवसपाळी मिळाली की काही आठवडे जाऊ द्या, सकाळी सात ते दहाच्या मध्ये उपाशीपोटी द्या, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी दोनदा. जोडीला एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना निरोप देणारी पिट्यूटरीची दोन हार्मोन्स, सांगा, म्हणजे दोष वृषणात आहे की वरून निरोपच येत नाही ते कळेल. वजन जास्त असलं की टेस्टोस्टेरॉनला रक्तात वाहून नेणारं प्रथिन कमी होतं, त्यामुळेही एकूण आकडा खाली दिसतो. आठ-दहा किलो उतरवलेत तर बराचसा वर येईल.

जिमच्या सरांना नमस्कार सांगा आणि इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्यूटरी एलएच-एफएसएच बंद करते, वृषणं काम सोडतात आणि शुक्रजंतू कमी होत जातात, काहींचे तर शून्यावर येतात. जतच्या काकांच्या अॅड्रीनलचं झालं तेच इथे होतं, आणि पूर्ववत व्हायला महिने जातात, कधी वर्षही. तुम्ही मूल व्हावं म्हणून निघालात आणि हे नेमकं त्याच्या उलट करणारं औषध आहे. आधी वीर्यतपासणी करा. ती साधी आहे आणि बहुतेक ठिकाणी त्या पॅकेजपेक्षा स्वस्तही. मग पत्नीला सोबत घेऊन दोघं एकत्रच डॉक्टरांकडे जा. तीन वर्षं एकट्या बाईच्याच तपासण्या चालल्या असतील, तर ते आता थांबवा.